शेपटीतून उत्तर येईना

लग्न झाल्यापासून वहिनींनी एकही काम सलग केलं असेल तर शपथ. हात पिठात असोत की गाईखाली बादली धरलेली असो, थोडा वेळ गेला की अंगणातून आरोळी यायचीच. "स्वयंपाकघर?" की वहिनींनी आतून ओरडायचं, "आहे!" गोठ्यात गेल्या की "गोठा?" आणि आंघोळीला गेल्या की "न्हाणी?" उत्तराला जरा उशीर झाला, तर नवरा हातातलं टाकून धावत येणार आणि दाराशी उभा राहून विचारणार, "बोलत का नाहीस गं?" एकदा चार पाहुण्या बायकांसमोर हे न्हाणीचं नाटक झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वहिनींना त्या दिवशी वाटलं.

नवऱ्याला गाव बिनतारी म्हणायचं. वहिनींना मात्र सगळे मानाने वहिनी म्हणत, कारण बिनतारीबरोबर संसार करणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. बिनतारी मुळात शेतकऱ्याचा मुलगा. युद्ध सुरू झालं तेव्हा नांगर सोडून गेला आणि बाँबफेकी विमानात वायरलेसवर बसला. विमान चालवणारा वेगळा, बाँब टाकणारा वेगळा, शेपटीत मशीनगन घेऊन बसणारा वेगळा. याचं काम निरोप घ्यायचे आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांना हाक मारायची. तिथे इतक्या उंचावर हवा विरळ, म्हणून प्रत्येकाच्या तोंडाला प्राणवायूची नळी. ती थंडीने गोठली तर माणूस ओरडत नाही की धडपडत नाही, गुपचूप झोपी जातो, आणि वेळेत कुणी गेलं नाही तर कायमचाच. म्हणून ती हाक, विमानातल्या ज्याच्या त्याच्या जागेच्या नावाने. "नाक?" "आहे." "पाठ?" "आहे." "शेपूट?" "आहे."

एका रात्री शेपटीतून उत्तर आलं नाही. बिनतारी प्राणवायूची बाटली घेऊन अंधारात रांगत मागे गेला आणि निळ्याजांभळ्या पडलेल्या पोराला ओढून त्याने त्याच्या तोंडाला बाटली लावली. ते पोर म्हणजे वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ.

इथेच सगळं फसलं. युद्ध संपल्यावर भाऊ या देवमाणसाला घरी घेऊन आला, आईने त्याला डोक्यावर बसवलं, आणि वर्ष फिरायच्या आत वहिनी त्याच्या शेतावर नांदायला आल्या. आता भावाचा जीव वाचवणाऱ्या हाकेला नावं ठेवायची तरी कोणत्या तोंडाने? तक्रार केली की भाऊ म्हणायचा, "ताई, ती हाक नसती तर मी नसतो." मग वहिनी पुढच्या हाकेला पुन्हा "आहे!" म्हणून ओरडायच्या.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. जीव मुठीत धरून उडालेला दुसरा कुणी असता तर त्याने परत आल्यावर कानाला खडा लावला असता. याचं सगळंच उफराटं. वायरलेसवाल्याची जागा म्हणजे एक टेबल, दोन दिवे आणि खिडकीवर काळा पडदा. "एवढा उडलो, पण बघितलं काहीच नाही," ही त्याची हळहळ. मग तो स्वतः विमान चालवायला शिकला आणि लष्कराने मोडीत काढलेलं एक जुनं छोटं विमान उचलून आणलं. त्यात दोनच बैठका, एकीमागे एक. ट्रॅक्टर पावसात आणि विमान शेडमध्ये! गाईंचं सपाट कुरण झालं धावपट्टी. वारा कळायला काठीवर जे फडफडत होतं, तो वहिनींनी लग्नात भरतकाम करून आणलेला उशीचा अभ्रा होता. आणि आकाशात घरघर ऐकू आली की काठी घेऊन धावायचं, गाई हाकलायच्या, हेही वहिनींच्याच नशिबी.

खाली उतरला की त्याचा चेहरा असा उजळलेला असायचा की रागवायचं म्हटलं तरी जीभ रेटत नसे. वहिनींची तळपायाची आग मस्तकात जाई, ती या चेहऱ्यामुळेच. त्या स्वतः मात्र विमानात कधी बसल्या नाहीत. "मी जमिनीवर आहे म्हणून तुम्हाला उतरायला जागा आहे," असं त्या ऐकवायच्या.

पुढे वय झालं आणि इंजिनांनी खाल्लेले कान पार गेले. आता बिनतारी हाक मारायचा आणि उत्तर ऐकू यायचं नाही. वहिनी घसा फोडून "आहे! आहे!" करायच्या, तरी हा धावत यायचाच. खांद्यावर थाप मारली की मगच परत जायचा. मग जवळच्या विमानतळावरच्या साहेबांनी त्याला बोलावून लिहून दाखवलं: रेडिओ ऐकू येत नाही, तेव्हा एकट्याने उडायचं नाही. मागे ऐकणारं माणूस हवं. त्याने ऐकायचं आणि थापेने खुणा करायच्या.

ऐकणारं माणूस मिळेना. भाऊ म्हणाला, "मी एकदा शेपटीत मेलोय, तेवढं पुरे." बिनतारी दिवसभर घरात पायात पायात येऊ लागला. त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, चालू असलेलं घड्याळ दुरुस्त करून बंद पाडलं, आणि मग शेडमध्ये जाऊन उभ्या विमानात बसून राहिला. जेवायला बोलवायला गेलेल्या वहिनींनी त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"चला," त्या त्याच्या कानाशी ओरडल्या, "मी बसते मागे! पण एकदाच!"

विमान वर गेलं तेव्हा वहिनींनी डोळे घट्ट मिटले होते. उघडले, आणि खाली त्यांचं घर होतं. मुठीत मावेल एवढं. दोरीवर वाळत घातलेली चादर, गोठ्याचा पत्रा, शेजाऱ्याचा मका, आणि ज्या वाटेवरून आयुष्यभर बादल्या वाहिल्या ती वाट, केवढीशी! इतकी वर्षं हा हे बघत होता?

"शेपूट?" पुढून आरोळी आली. वहिनींनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

नदीचं वळण दिसलं. "शेपूट?" थाप. नदीपलीकडे भावाचं घर दिसलं. "शेपूट?" थाप. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बघत होत्या, तर हा बाबा सुखाने बघू देईल तर ना! पुन्हा "शेपूट?" आणि वहिनींचा हात उठलाच नाही. ओरड म्हणावं. एकदा नाही दिलं उत्तर तर काय आकाश कोसळणार आहे?

"शेपूट? शेपूट!"

मिळेल तिथे उतरायला बिनतारीने विमानाचं नाक खाली घातलं. वहिनी घाबरून थापांवर थापा मारू लागल्या, पण त्या धक्क्यांत त्याला थाप कसली कळतेय! विमान शेजाऱ्याच्या उभ्या मक्यात घुसलं, एक चाक निखळलं, पंखा मोडला, आणि सगळं थांबलं. बिनतारीने विमानाकडे वळूनही पाहिलं नाही. त्याने वहिनींना ओढून बाहेर काढलं, मक्यात आडवं केलं आणि त्यांच्या छातीला कान लावला.

"काही ऐकू येत नाही!" तो किंचाळला. "काहीच ऐकू येत नाही गं!"

"अहो, आहे! मी आहे!" वहिनी ओरडत होत्या. त्या बहिऱ्या माणसाला ना आवाज ऐकू येत होता ना काळीज. शेवटी त्यांनी हात वर केला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. तेव्हा तो तसाच, त्यांच्या अंगावर डोकं ठेवून, मोठ्याने रडला.

लोक जमले. उंचीने भोवळ आली असेल, असं कुणीतरी म्हणालं. वहिनींनी होय म्हणून मान हलवली.

साहेब बरे होते. विमान नीट करा, मागे धडधाकट माणूस बसवा, मग बघू, म्हणाले. बिनतारीच नको म्हणाला. "हिचा जीव जात होता. आता उडणं नाही." त्याने शेडला कडी घातली, ट्रॅक्टर आत घेतला. आणि हाक मारणंही सोडलं. बहुतेक स्वतःच्या हाकेवरचा त्याचा विश्वासच उडाला असावा.

घर शांत झालं. हीच शांतता वहिनी इतकी वर्षं मागत होत्या, आणि आता ती त्यांना खायला उठली. कणीक सलग मळून व्हायची आणि चुलीपाशी उभ्या राहून त्या उगाच अंगणाकडे बघायच्या. भावाला त्यांनी खरं काय ते सांगितलं.

"ताई, मी बेशुद्ध होतो म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "तुला काय झालं होतं?"

त्या तडक अंगणात आल्या. बिनतारी कुदळीला दांडा बसवत होता. असलं काही माणसाने हळूच, कानात सांगावं. पण याच्याशी संसार केला, तेव्हा तेही नशिबात नव्हतं.

"मला भोवळ आली नव्हती!" त्याच्या कानाशी तोंड नेऊन वहिनी ओरडल्या. "मी ऐकलं होतं! मुद्दाम थाप मारली नाही!"

कुंपणापलीकडे शेजारी मोडका मका कापत होता, तो विळा हातात धरून उभाच राहिला. बिनतारीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोवर असा ओरडला की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. काय काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

दम लागल्यावर त्याने विचारलं, "पण का?"

"खाली बघत होते!"

तो थांबला. कुदळ भिंतीला टेकवली.

"काय दिसलं?"

"आपलं घर! चादर! भावाचं घर! आणि तुम्ही उघडं टाकलेलं कुरणाचं फाटक!"

त्या रात्री बिनतारी धड जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडची कडी वाजली, ट्रॅक्टर बाहेर आला आणि आतून ठोकाठोक सुरू झाली. वहिनींनी पिठात हात घातला होता. आता कुठे जरा हात बसत होता, तोच अंगणातून आरोळी आली.

"स्वयंपाकघर?"

"आली पुन्हा माझ्या मागे पीडा," वहिनी पुटपुटल्या. ओरडून काही उपयोग नव्हता. त्या पिठाच्या हातांनीच उठल्या, अंगण ओलांडून शेडमध्ये गेल्या आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली, जरा जोरातच.