मालगुजारांच्या गरिबीची चौकशी

गावच्या जुन्या जमीनदारांनी, म्हणजे मालगुजारांनी, मला बसायला फाटकी चटई दिली आणि स्वतः जमिनीवर टेकले. चहा आला तो जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाटीत. घर एवढं ऐसपैस की बोललं तर आवाज घुमायचा, आणि सामान म्हणाल तर ती चटई आणि एक घागर. धुरकटलेल्या भिंतींवर मात्र ठिकठिकाणी स्वच्छ पांढरे चौकोन होते. कालपरवापर्यंत तिथे काहीतरी टांगलेलं असणार.

“क्या बताऊँ साहेब,” मालगुजार म्हणाले, “मालगुजारी गेली, सब गेलं. पोराच्या कॉलेजाची फी आता कोठून आणू?”

त्यांनी हात जोडले तेव्हा बोटांवर काढून ठेवलेल्या अंगठ्यांचे फिकट पट्टे दिसले.

मी तेव्हा नागपूरच्या एका खासगी मिशन कॉलेजात स्कॉलरशिप क्लार्क होतो. आमची फी भारी. म्हणून मिशनच्या फंडातून काही गरीब मुलांना फ्रीशिप मिळायची, म्हणजे फी माफ, शिवाय हॉस्टेलचा खर्च. पण आधी मीन्स एन्क्वायरी व्हायची. म्हणजे घरी जाऊन परिस्थिती डोळ्यांनी बघायची. आमचे फादर प्रिन्सिपॉल फार सभ्य गृहस्थ. न कळवता कुणाच्या घरी जाणं त्यांना पटत नसे. त्यामुळे आधी पत्र जायचं, की तुमची गरिबी बघायला आमचा माणूस येत आहे. तयारीला भरपूर वेळ मिळायचा.

त्या वर्षी देवरी भागाला एकच जागा होती आणि एकाच गावातून दोन अर्ज. एक मालगुजारांच्या मुलाचा. दुसरा यशोदाचा. तिचा बाप सुखराम मालगुजारांचीच धानाची जमीन ठेक्यानं करायचा. पोरगी मामाकडे राहून गोंदियाहून मॅट्रिक झालेली. फ्रीशिप मिळाली तर कॉलेज, नाहीतर लग्न. पाहुणे दोनदा येऊन गेले होते.

मालगुजारांकडून मी सुखरामकडे गेलो. मातीच्या दोन खोल्या. वाकून आत शिरलो तर गुडघा ग्रामोफोनवर आदळला. पुढे चार सागवानी खुर्च्या, भिंतीला टेकवलेला पुरुषभर उंचीचा आरसा आणि खाटेवर आडवं निजवलेलं लंबकाचं घड्याळ. घरची माणसं कोपऱ्यात उकिडवी बसली होती.

“बसा जी खुर्चीवर,” सुखराम म्हणाला.

“तुम्हीही बसा ना.”

“नाई जी. आमाले कायले?”

“हे सामान तुमचं?”

सुखरामनं खांद्यावरच्या पंचानं खुर्ची पुसली. त्याची बायको म्हणाली, “झोपाले जागा नाई राहिली जी. कवा नेतीन काय मालूम!”

“चूप राय!” सुखराम ओरडला.

“काऊन चूप राहावं?” यशोदा उसळली. “सांग ना बाबा, मालकाचं हाय म्हून!”

“जमीन काढून घेतली तर खाशीन काय?”

सगळा उलगडा झाला. मालगुजारांनी एका दगडात दोन पक्षी मारले होते. आपलं घर रिकामं आणि यशोदाचं भरलेलं. मला संताप आला, पण संतापाला रिपोर्टात रकाना नव्हता. नियम असा, की चौकशीच्या दिवशी ज्याच्या घरात जे दिसेल ते त्याच्या नावावर लिहायचं, आणि त्यात काही चूक असेल तर गावातल्या प्रतिष्ठिताकडून दुरुस्त करून त्याची सही घ्यायची. निघताना यशोदाच्या आईनं हळूच विचारलं, “तिले बाटवतीन तर नाई ना जी?” मी म्हटलं, “बाई, फादरना पोरं वर्गात बसवता बसवताच नाकी नऊ येतात.”

गावात प्रतिष्ठित एकच. मी परत मालगुजारांकडे गेलो आणि रिपोर्ट वाचून दाखवला. सुखरामच्या घरी चार खुर्च्या, आरसा, घड्याळ, ग्रामोफोन. मालगुजार खूश झाले.

“अर्रे वा! मोठा आदमी झाला म्हणा सुखराम. आणा, सही करतो.”

“करा. म्हणजे हे सगळं सुखरामच्या मालकीचं, असं तुमच्या सहीनं ठरलं. त्याला सांगतो, सामान विक आणि पोरीची फी भर.”

पेन हवेतच थांबलं.

“मालकी? मालकी लिहून राहिले का तुम्ही?”

“नियमच आहे.”

“अन् उद्या तो त्या खुर्चीवर बसला तर?”

“त्याची खुर्ची, तो बसेल.”

मालगुजार ताडकन उठले. “माह्या बापाची खुर्ची हाय ते! डिप्टी कमिशनर बसला होता तिच्यावर! खोडा ते नाव!”

“मग कुणाचं लिहू?”

“माझं लिहा! सगळं माझं हाय!”

मी लिहिलं. त्यांनी तावातावानं सही ठोकली. फी भरणं त्यांना जड नव्हतंच. सुखराम खुर्चीचा धनी ठरणं मात्र सोसवेना.

फ्रीशिप यशोदाला मिळाली. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. सुखरामची जमीनही राहिली, कारण खुर्च्या परत वाहून न्यायला मालगुजारांना माणूस लागतच होता. त्यांचा मुलगा पूर्ण फी भरून आमच्याकडेच आला.

मी फादरना सुचवलं, यापुढे न कळवता जाऊ या. ते म्हणाले, “छे, लोकांना काय वाटेल?” म्हणून मी आपला वेगळा नियम केला आणि नोकरीभर पाळला. चौकशीला गेलो, की अर्जदाराच्या आधी त्याच्या शेजाऱ्याचं घर बघायचं. अर्जदाराची श्रीमंती बहुधा तिथेच सापडायची.