पहिलं पाणी

गल्लीत तिला सगळे कांजीमावशी म्हणत. चर्चमधली वेदीवरची कापडं धुवायची, कांजी करायची, कडक इस्त्री मारून द्यायची, हे तिचं काम. पगार नाही. "तोंडानं प्रार्थना करायला बसले की मन बाजारात जातं," ती म्हणायची. "हात ओले असले की देवाजवळ टिकतं." या पवित्र कापडांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत जिरवायचं, असा रिवाज. ती मागच्या पेरूच्या बुंध्याशी ओतायची.

"आई, पेरूचे लाड पुरे," सून टोमणा मारायची. "आमचेही कपडे असेच धुवा की."

मग दंगलीत गावाचं डोकं फिरलं. चर्चच्या काचा फुटल्या, फादर दूर सुरक्षित जागी गेले. एका दुपारी समोरचा टायरवाला मावशीच्या उंबऱ्यातच कोसळला, मांडी फाटलेली. काचा फोडणारे त्याच्याच लोकांतले. मावशी वेदीचं कापड इस्त्री करत होती. तेच तिनं जखमेवर आवळून बांधलं, मग त्याला दवाखान्यात नेलं. पुढं कधीतरी ते वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीवरून अंगणात येऊन पडलं, रक्त वाळून पक्कं बसलेलं. घासघासूनही डाग राहिला.

फादर परतले, डाग पाहून म्हणाले, "घरात दुसरं फडकं नव्हतं?"

"होतं की. हातात हे होतं."

"लोक भलतंसलतं बोलतायत, मावशी. त्या टायरवाल्याला येऊन एकदा खरं काय ते सांगू दे."

ती दुकानात गेली. टायरवाला ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. भोवती त्याचे दोस्त.

"कसलं कापड, मावशी? मला दवाखान्यात बांधलं." त्यानं मान वर केली नाही. एक हात मात्र मांडीवर गेला आणि तिथंच राहिला.

मावशी आली तशी परत गेली.

"आता आराम करा," फादर म्हणाले. "कापडं लाँड्रीत देऊ. हे डागाळलेलं जाळून टाका."

"लाँड्रीवाल्याला पहिल्या पाण्याचं सांगाल?"

"मशीनमध्ये कुठलं पहिलं आणि कुठलं दुसरं?"

तिनं जाळलं नाही. रविवारी सगळी गल्ली चर्चला निघाली, तेव्हा ती मागच्या अंगणात तेच कापड भिजवून बसली होती. पाणी अजून किंचित तांबूस येत होतं. तिनं ते पेरूला घातलं.

"आई, आज प्रार्थनेला नाही जायचं?" सुनेनं दारातून विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"झाली," मावशी म्हणाली आणि बादली पालथी घातली.