पालीला कोण जाणार?

माझी मुलगी पाली भाषेत पदवी घेणार, हे मी ठरवलं तेव्हा ती डेंटिस्टकडे तोंड उघडून बसली होती.

संघमित्राला (घरी आम्ही तिला मित्रा म्हणतो) नववीपासून कॉम्प्युटर सायन्सच करायचं होतं. कॉलेजही तिने पक्कं केलं होतं: अमेरिकेतल्या आमच्या डब्लिन गावापासून तीन तासांवरचं, छोटंसं. पण त्या शनिवारी गजभिये काकांकडे बुद्धवंदना होती आणि जेवणानंतर काकांनी मला बाजूला घेतलं. (काकांची दोन्ही मुलं कॉलेजातून बाहेर पडली आहेत, त्यामुळे अ‍ॅडमिशनमधला शेवटचा शब्द त्यांचा.)

"अर्जात कम्प्युटर टाकलं काय? मंग संपलं! सारे इंडियन तेच टाकतात. कोणीच टाकत नाही असं काही टाक, आत घुस, मंग बदलून घे!"

"म्हणजे काय टाकू?"

काकांनी समोरच्या बुद्धमूर्तीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाली!

मित्रा गालावर हात धरून घरी आली. "बाबा, आय डोन्ट नो एनी पाली!"

"पालीतली वंदना पाठ आहे ना? त्या कॉलेजात आणखी कोणाला पाठ असेल?"

"अहो, तिला हवं ते लिहू द्या की," माझी बायको वैशाली म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस, ही स्ट्रॅटेजी आहे!" (ऑफिसात माझी स्ट्रॅटेजी कोणी विचारत नाही. मग ती घरच्यांना सोसावी लागते.)

मित्राने अर्जात पाली टाकलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढच्याच आठवड्यात पालीच्या प्रोफेसरबाईंची ईमेल आली. कित्येक वर्षांनी कोणीतरी स्वतःहून पाली मागितलंय, मला फार आनंद झालाय, कॉलेज बघायला या, आईबाबांनाही आणा! स्ट्रॅटेजीला कोणी चहाला बोलावेल, हे काकांनी सांगितलं नव्हतं.

बाई पांढऱ्या केसांच्या, अमेरिकन. आम्ही खोलीत शिरताच त्यांनी हात जोडले. "नमो बुद्धाय!"

मी इतका हरखलो की "नमो बुद्धाय, जय भीम!" असं ओरडलोच. इथे थांबायला हवं होतं. पण मी थांबणारा असतो तर इथवर आलो असतो का?

"आमच्या घरात रोज पाली चालते, मॅडम!"

"वा! म्हणून दाखवाल?"

मी डोळे मिटले आणि खड्या आवाजात पंचशील सुरू केलं. चौथ्यावर आलो, "मुसावादा वेरमणी..." आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"काय सुंदर उच्चार!" बाई म्हणाल्या. "मित्रा, या शीलाचा अर्थ सांगशील?"

मित्राने बाईंकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "आय विल नॉट टेल लाइज," ती म्हणाली, आणि मग एका दमात, "प्रोफेसर, आय वॉन्ट टु डू कॉम्प्युटर सायन्स. पाली वॉज बाबाज आयडिया. आय अ‍ॅम सो सॉरी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

"काही मोठ्या विद्यापीठांत मेजरने, म्हणजे मुख्य विषयाने, फरक पडतो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे मेजर दुसऱ्या वर्षी ठरवतात. अर्जात काहीही लिहा, प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. वेबसाइटवर पहिल्याच पानावर आहे."

मी वेबसाइटी बनवून पोट भरतो. वाचल्या मात्र कधी नाहीत.

परतताना मित्रा मागच्या सीटवर रडली. "इफ आय डोन्ट गेट इन, दे'ल थिंक आय अ‍ॅम अ लायर!" वैशालीने तिला टिश्यू दिला. मला खरोखर लाज वाटली. लेकीने वर्षानुवर्षं मेहनत करून मिळवलेलं नाव मी माझ्या अतिशहाणपणाने पणाला लावलं होतं. मी सॉरी म्हणालो. तिने इअरफोन घातले. त्याच संध्याकाळी तिने कॉलेजला स्वतःच खरं काय ते कळवलं.

वसंतात तिला प्रवेश मिळाला. तिने आधी आईला मिठी मारली, मग कुत्र्याला, मग मला. माझा नंबर लागला हेच खूप झालं.

अभिनंदनाचे फोन येतात. "काय, झाली म्हणे अ‍ॅडमिशन!"

"हो, दोघांची."

"दोघांची?"

"ती कॉम्प्युटरला, मी पालीला."

खरंच! बाई दर रविवारी मोठ्यांसाठी ऑनलाइन पाली शिकवतात. माझ्याकडे बघून त्यांनी निरोप घेताना ते दोनदा सांगितलं होतं. लाजेकाजेने नाव घातलं. परवा पहिला शेरा मिळाला: "उच्चार उत्तम. आचरणाला अजून वाव आहे."