पणजोबांची तीन लग्नं

माझा नवरा रायपूरला दुसऱ्या बाईबरोबर संसार करतो आणि मी मनीषनगरच्या दोन खोल्यांत आत्याबरोबर राहते. घटस्फोटाचं नाव काढलं की आत्या तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं उदाहरण द्यायची. पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत गेले ते आपल्या गावी, कुहीला परत आलेच नाहीत. पणजीनं धानाच्या बांधीत राबून एकुलता एक मुलगा वाढवला आणि मरेपर्यंत कुंकू लावलं.

"तिनं अख्खा जन्म काढला. तुले काहून जमत नाही वं?" आत्या म्हणायची.

मागच्या वर्षी आत्यालाच वाटलं, पणजोबांचे पलटणीतले कागद बघावेत. ते लढाईत पडले असतील अशी तिची समजूत होती. मी अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी नक्कल आली. भरती होताना त्यांनी बायको म्हणून पणजीचंच नाव दिलं होतं. ते खोडून वर एका ख्रिस्ती बाईचं नाव लिहिलेलं होतं, आणि तेही खोडून आणखी एकीचं.

कागदांत कामठीच्या छावणीचा उल्लेख होता, म्हणून मी तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये गेले. तिथल्या बाईंनी लग्नांच्या वह्या काढून दिल्या. नवरदेवाचं नाव बदलून ख्रिस्ती झालेलं, पण बापाचं नाव तेच आणि गाव कुही. पुढे लिहिलेलं, अविवाहित. काही वर्षांनंतरच्या पानावर तोच माणूस पुन्हा उभा, या वेळी विधुर. दुसरी बायको बाळंतपणात गेली होती. दफनाच्या वहीत ती आणि तिचं बाळ एकाखाली एक होती. पणजी मात्र कुठेच नव्हती. तिकडे कुहीत ती जिवंत होती, रोवणी करत होती, आणि इथे तिचा नवरा आधी अविवाहित होता, मग विधुर.

पणजोबांचं दफनही त्याच वहीत सापडलं. लढाईबिढाई नाही, तापानं गेले. कुहीपासून कितीसं लांब!

घरी आल्यावर आत्याला काय सांगावं ते कळेना. मी टाळत राहिले. शेवटी तिनंच विचारलं, "मले एवढंच सांग, तो मेला कधी?"

मी साल सांगितलं. तिनं बोटांवर हिशेब केला.

"तेव्हा माझा बाप दहा-बारा वर्षांचा असंल," ती म्हणाली. "अन् आजी माझ्या डोळ्यांदेखत रोज कुंकू लावे. मेलेल्या माणसाचं."

"तिला कोणी कळवलंच नाही, आत्या."

"तिले नाही कळवलं. तुले तर तुझ्या नवऱ्याचं सगळं माहीत आहे ना? मग तू काहून बसून राहिली?"

मला संताप आला. इतकी वर्षं जिनं मला दारातून मागे ओढलं, तीच आता ढकलत होती. ओरडावंसं वाटलं, पण ती पदरानं डोळे पुसत होती.

धरमपेठेत एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. मी तिथवर जाते. जिन्याशी उभी राहते, कोणी वरून उतरलं की बाजूला होते, आणि ऑटो करून घरी येते.

"गेली होती?" आत्या विचारते.

"गेले होते," मी सांगते.