विश्रांतीच्या खोलीची किल्ली

लिननच्या खोलीत मळलेली चादर आली की धोब्याकडे जाते. किस्से कुठे जात नाहीत. साठतात. आपल्या मराठी मंडळात बसलो की तुम्ही म्हणता, "सावंत, हॉस्पिटलचं सांगा." सांगतो. तुम्ही हसता. माझं डोकं अजून तापतं.

मी सातवी शिकलो. तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी हॉस्पिटलात चादरी सांभाळल्या. रिटायर झालो तेव्हा गुडगावात शेतांच्या मधोमध काचेचं नवं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. त्यांना लिनन कळणारा माणूस हवा होता. करोल बागेतून दोन बस बदलून जायचो. एकदाही लेट नाही.

हॉस्पिटलचं एक चॅरिटेबल फाउंडेशन होतं. श्रीमंत लोक देणगी द्यायचे, फाउंडेशन स्टाफचं भलं करायचं. सेक्रेटरी होता खुराना. भलं करायची त्याला फार घाई!

*

पहिलं भलं म्हणजे कप. प्रत्येक सिस्टरला एक. वर छापलेलं, "तुम्ही आमचे देवदूत." वॉर्डात चहा प्यायला बंदी, कँटीनला जायला वेळ नाही.

आन्सी नावाची केरळची सिस्टर होती. कामाला चोख, तोंडाने तिखट. तिने कपात थर्मामीटर उभे केले. खुरानाने राउंडला विचारलं, "सिस्टर, कप कैसा लगा?"

"बहुत अच्छा, सर. थर्मामीटर को बड़ा आराम है!"

*

नंतर फॉर्म आला. 'कामावर तुम्हाला कशाची गरज वाटते?' नाव लिहायचं नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या सिस्टर्सनी एकच शब्द लिहिला. खुर्ची. माझ्याकडे स्टूल होतं, तरी मीही तोच लिहिला.

पंधरा दिवसांनी भिंतीवर रंगीत पोस्टर लागलं. 'पाठ सरळ ठेवून कसं बसावं.'

आम्ही सगळ्यांनी ते उभ्याने वाचलं!

*

मग मन शांत करायला एक गुरू आणला. ड्यूटी संपल्यावर थांबायचं, सक्तीने.

"आँखें बंद कीजिए. सोचिए, आप समुद्र किनारे हैं."

दोन मिनिटांत अर्धा हॉल झोपला. आन्सी तर घोरायला लागली. गुरू खूश! पण खुराना टाळ्या वाजवत धावला, सगळ्यांना उठवलं.

"रिलैक्सेशन में सोना मना है!"

*

शेवटी फाउंडेशनने विश्रांतीची खोली बांधली. दोन पलंग, एसी, देणगी देणाऱ्या बाईंच्या नावाची पितळी पाटी. उद्घाटन झालं, फोटो झाले, कुलूप लागलं. चादरी मळतील म्हणून!

किल्ली एकच, खुरानाच्या टेबलात. दर सोमवारी मी सही करून ती घ्यायची, कोणी न झोपलेल्या चादरी काढायच्या, नव्या घालायच्या, किल्ली परत करायची.

धोब्याने चादर उलटीपालटी करून पाहिली. "सावंतजी, इसमें धोऊँ क्या?"

*

आन्सीला सहावा महिना लागला. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, "दुपारी अर्धा तास आडवी हो, नाहीतर हेही जाईल." आडवी कुठे होणार? माझ्याकडे यायची, धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर पाठ टेकायची.

खुरानाने पाहिलं. "साफ लिनन पर स्टाफ?"

नियम त्याचा बरोबर होता. तीस वर्षं तोच नियम मी दुसऱ्यांना ऐकवला होता. तेच जास्त झोंबलं.

आन्सीला म्हणाला, "तकलीफ है तो नौकरी छोड़ दो."

मी म्हटलं, "वो कमरा खोल दीजिए. स्टाफ के लिए ही तो है."

"सावंतजी, वो स्टाफ वेलफेयर का कमरा है. स्टाफ का नहीं!"

*

पुढचा सोमवार. मी चादरी बदलल्या. किल्ली परत करायला निघालो, तर दारात आन्सी. चेहरा पिवळा पडलेला.

"चल," मी म्हटलं.

तिला पलंगावर झोपवलं, दार ओढलं आणि माझं स्टूल आणून बाहेर बसलो. पाटीवरच्या बाई त्या दुपारी खोली बघायला येणार होत्या. मला माहीत नव्हतं असं मी सांगणार नाही. माहीत होतं.

आल्या. वयस्कर बाई. मागे खुराना, कॅमेरावाला, हार घेतलेला शिपाई.

"हटिए, सावंतजी," म्हणत खुरानाने दार ढकललं.

आन्सी कुशीवर झोपली होती. एक हात पोटावर. बूट पलंगाखाली सरळ लावलेले.

खुराना पांढरा पडला. "मैडम, ये... ऐसा होता नहीं है... सिस्टर! उठो!"

बाईंनी हात वर केला. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, आत गेल्या आणि दुसऱ्या पलंगावर बसल्या. आन्सीकडे बघत राहिल्या. कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "बाहर." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "दरवाज़ा बंद कर दीजिए, भाईसाहब."

मी बंद केलं.

खुराना माझ्या कानाशी आला. "चाबी दो. अभी."

"अगले सोमवार," मी म्हटलं. "चादर बदलूँगा, तब."

किल्ली खिशात टाकली आणि स्टुलावर बसलो. पाठ सरळ ठेवून.