शेवंताकाकीचे पाय

शेवंताकाकी रोज सकाळी उंबऱ्यावर बसून पाय बांधायची. नवऱ्याच्या जुन्या लुंगीच्या लांब पट्ट्या फाडून ठेवलेल्या असत. त्या ती घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दात आवळून गुंडाळायची. आत पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या शिरांची वेटोळी होती. डाव्या घोट्यापाशी कातडी काळवंडली होती आणि तिथे एक जखम होती. ती भरत आल्यासारखी वाटायची आणि पुन्हा फुटायची. “फार दुखतंय का काकी?” असं विचारलं की म्हणायची, “दुखतंय म्हंजे पाय हाय अजून.”

राई गावात आमची इमारत उभी राहिली ती तिच्या सासरच्या भावकीच्या शेतावर. तिचं बैठं घर मात्र आमच्या जिन्यासमोर तसंच राहिलं. तिचे यजमान दामूकाका काशीमीऱ्याला गॅरेजात ट्रकची कामं करायचे. अर्धांगाचा झटका आला आणि ते खाटेला खिळले. मग काकी हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या भाजायला लागली. दुपारपर्यंत भट्टीपुढे उभी. तेवढा वेळ तिची जाऊ काकांकडे बघायची. घरी आल्यावर काकांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं सगळं काकीच करायची.

एकदा तिच्या मोरीतून हाक आली म्हणून धावत गेले, तर फरशीवर रक्तच रक्त. एक शीर फुटली होती. मी तिला आडवी केली, पाय वर धरला आणि फडका दाबून बसले. काकी पांढरीफटक पडली होती, पण बोलत काय होती? “सुनीता, ह्यांची पेज चुलीवर हाय गो. लागंल खाली.”

दवाखान्यात डॉक्टरांनी शिरांचा विषय काढला. पण ऑपरेशन हा शब्द कानावर पडताच काकी उठली. फार वर्षांपूर्वी तिच्या आईचं असलंच ऑपरेशन झालं होतं. मांडी आणि घोटा चिरून शीर ओढून काढलेली, त्यानंतर कितीतरी दिवस अंथरूण. काकीच्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे तेच. “मी पडले तं ह्यांची कूस कोन बदलंल?” ती म्हणाली. घरी काकांनी सगळं ऐकलं. त्यांची जीभ जड झाली होती, तरी जोर लावून म्हणाले, “जा... गो... तू.” काकीने त्यांच्या तोंडाची लाळ पुसली आणि विषय संपवला.

मग काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर काकीची मुलगी रेखा हट्टालाच पेटली. आम्ही दोघी तिला मीरा रोडला शिरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आंटी, काटना-वाटना कुछ नहीं. सुई से अंदर पतली तार डालेंगे, लेझर से खराब नस बंद कर देंगे. सिर्फ पैर सुन्न करेंगे.”

काकीने विचारलं, “घर कब छोडेगी?”

“उसी दिन. दोपहर को चलके घर जाओ.”

काकीने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही तिघी मिळून तिची थट्टा करतोय.

ठरल्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. रेखाचा आणि माझा चहा होतोय न होतोय तोच नर्सने बोलावलं. पायात घट्ट मोजा चढवून काकी दारात उभी होती. “झालं?” तिने मलाच विचारलं. “झालं, काकी.”

रिक्षात ती मोज्यावरून हात फिरवत होती. रेखा मोबाइलवर घरच्यांना आनंदाने सांगत होती. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांमध्ये रिक्षा अडकली तेव्हा काकी एकदम बोलली.

“यवढंच व्हतं?”

“हो गं आई, बघ, उगाच घाबरत होतीस,” रेखा हसत म्हणाली.

“यवढा येळ तं मी रोज भट्टीपुढं असायची,” काकी म्हणाली. “ते सांगत व्हते जा म्हनून.” मग तिने तोंडात पदर कोंबला.  

जखम भरायला काही महिने लागले, पण भरली. गावात सगळे कौतुक करत. काकी मात्र बोलेनाशी झाली. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. लोक म्हणाले, निदान शेवटी पाय तरी बरे झाले बाईचे.

मला आठवते ती एक संध्याकाळ. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून मी तिच्यासोबत खाडीपर्यंत गेले होते. काकी माझ्यापुढे सरळ, हलकी चालत होती. काकांच्या अस्थी सोडल्या होत्या तिथे येऊन थांबली.

“ते पडल्या पडल्या माझी पावलं ऐकायचे,” ती म्हणाली. “डावा पाय जड पडायचा ना. मी गल्लीत शिरले की त्यावरनं वळखायचे, आली म्हनून.”

भरतीचं पाणी चढत होतं. 

“आता मी नीट चालते, सुनीता. वर गेले तं ते मना वळखतील का?”