डाव्या कानाचा जबाब

आमची पलटण तेव्हा ताबारेषेवर होती. मी मॉर्टर प्लाटूनमध्ये नाईक. गाव दर्यापूर तालुक्यातलं. लान्स नाईक सलीम शेख धामणगाव रेल्वेचा. पोस्टवर वऱ्हाडी आम्ही दोघंच. बाकीच्यांशी हिंदी बोलायचो, भांडायचो मात्र आपल्या बोलीत.

पोस्टवर चढण्याआधी रेंजवर फायरिंग झालं होतं. डाव्या कानातला कापसाचा बोळा निघाला. मी फायरिंग थांबवलं नाही. दोन दिवस कानात शिट्टी वाजली. मग शिट्टी तेवढी राहिली, बाकीचे आवाज गेले. मेडिकलला डॉक्टरसाहेब मागे उभे राहून हळू शब्द बोलायचे. एक कान बंद करून आपण ते परत म्हणायचे. डाव्या कानाच्या वेळी मी उजव्या कानावर बोट नीट दाबलं नाही. पास झालो. नापास झालो असतो तर लो मेडिकल कॅटेगरी, पोस्ट बंद, हवालदारीही लांब. कोणाला काही सांगितलं नाही.

त्या सकाळी पुढच्या चौकीची टेलिफोन लाइन बंद होती. ती तार तपासायला साडेसहाला आम्ही चौघं निघालो. पायवाट एका माणसापुरती. पुढे मी, मागे सलीम, त्याच्यामागे दोघं. सहा चाळीसला पलीकडून गोळे यायला लागले. पहिला डावीकडून आला. मागचे तिघंही आडवे झाले. मी चालत राहिलो.

पाठीवर जोरात धक्का बसला. मी तोंडावर पडलो. मान वळवली तेव्हा सलीम माझ्या पायांवर पडलेला होता. गोळ्याचं स्प्लिंटर त्याच्या काखेतून आत गेलं होतं.

मी रेडिओ घेतला. "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"रॉजर. फायरिंग रुकने तक हिलना मत. आउट."

सात वाजून पाच मिनिटांनी सलीम गेला.

चौकशीत मी जबाब दिला, "सलीमने हाक मारली. मी ऐकली, पण उशीर झाला." हाक मी ऐकलीच नव्हती. त्याने दोनदा मारली, मग उठून धावत येऊन मला ढकललं, हे मला मागच्या जवानाने सांगितलं.

हवालदार म्हणून रिटायर झालो. दर ईदला धामणगावला सलीमचे थोरले भाऊ रफिकभाई यांच्याकडे जायचो. त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. शिरखुर्मा खाऊन परत यायचो. कानाचा विषय मी काढला नाही.

गेल्या वर्षी दर्यापूरच्या स्टँडजवळ डावीकडून जीप आली. बायकोने, कुसुमने, बाही धरून मला ओढलं. मी वाचलो. ती पडली, मनगट मोडलं. प्लास्टर झाल्यावर म्हणाली, "मी किती बोंबलली! आता तरी कानाच्या डॉक्टरले दाखवा. मले दुसरा हात नाही मोडाचा."

मी रात्रभर जागा होतो. दुसऱ्या आठवड्यात अकोल्याला गेलो.

कान तपासणाऱ्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. "आवाज आला की बटण दाबा, काका." उजवा कान झाला. डाव्याला काहीच येईना. मी अंदाजाने बटण दाबू लागलो.

त्या दार उघडून आत आल्या. "काका, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता."

मी बटण खाली ठेवलं.

"हे कधीपासून आहे?"

सगळ्यांना वयाचं कारण सांगायचो. त्या दिवशी रेंजपासून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. उजवाही वयाने उतरलाय, मशीनचा डाव्याला कमी, पण फायदा होईल म्हणाल्या. पंधरा दिवसांनी दोन्ही कानांना मशीन बसली. पहिल्या दिवशी पंख्याचासुद्धा त्रास झाला. शिट्टी गेली नाही. ती जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मग धामणगाव गाठलं. ईद नव्हती. रफिकभाई गादीला टाके घालत होते. उभ्यानेच सांगितलं, "रफिकभाई, त्या दिवशी मले हाक ऐकूच नाही आली. आदीपासून बहिरा होतो. लपवलं म्या. म्हणून सलीम गेला."

त्यांचा हात थांबला. सुई त्यांनी गादीतच खोचून ठेवली.

"सलीमले मालूम होतं," ते म्हणाले. "आखरी छुट्टीत अम्मीले सांगून राहिला होता. म्हने, देवराव डाव्या कानानं बहिरा हाय, म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूनंच चालतो."

"तुमी मले काहून नाही सांगतलं?"

"तुले मालूम असंल असंच वाटलं मले."

मी बाकावर बसलो. त्या पायवाटेवर डावीकडे चालायला जागा नव्हती. तो मागेच होता.

रफिकभाईंनी दुकान बंद केलं आणि मला कब्रस्तानात घेऊन गेले. मला दुआ येत नाही. मी सावधान उभा राहिलो, सॅल्यूट केला आणि त्याची रँक आणि नाव म्हटलं. बहिऱ्या माणसाचा आवाज चढाच असतो. झाडावरचे पक्षी उडाले.

रफिकभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू बोल, देवराव. त्याचे कान चांगले होते."

मी आवाज खाली आणला आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं.